उशिराचा बार

(खंडेनवमीच्या पूर्वसंध्येला झालेल्या परवानाधारक शस्त्रधारकांच्या मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



उद्या खंडेनवमी. घरोघरी शस्त्रे पाटावर येतील, त्यांना हळद-कुंकू लागेल, झेंडूची फुले वाहिली जातील. अशा प्रसंगी शस्त्राची थोरवी गाणारे भाषण अपेक्षित असते, हे मी जाणतो. मी मात्र आज शस्त्राच्या एका खोडीविषयी बोलणार आहे. ती खोडी माझ्या जिवावर बेतली होती, आणि तिला माझे अज्ञान कारणीभूत होते. मी कला शाखेचा पदवीधर. आयुष्य वृत्तपत्रात गेले. यंत्रशास्त्राचा माझा अधिकार काहीच नाही. परंतु चटका बसलेल्या माणसाने विस्तवाविषयी दोन शब्द बोलावेत, एवढा अधिकार आपण मला द्याल, अशी आशा आहे.

काही वर्षांपूर्वी एका वार्तामालेनंतर मला धमक्या आल्या. रीतसर अर्ज केला, परवाना मिळाला आणि मी एक लहानसे, आखूड नळीचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर घेतले. कोणत्या कारखान्याचे, ते सांगत नाही. कारण चूक कारखान्याची नव्हती. दसऱ्याला त्याची यथासांग पूजा केली. नवे शस्त्र गंजू नये म्हणून सढळ हाताने तेल घातले आणि काडतुसे भरलेल्या स्थितीतच ते कपाटात ठेवले. पुढचा पावसाळाही तसाच गेला. त्यानंतर मी सरावासाठी मैदानावर गेलो.

पहिले दोन बार ठीक झाले. तिसऱ्याला चाप ओढला, घोडा पडला, ‘खट्’ असा आवाज आला आणि पुढे काही नाही. कुणीही करील तेच मी केले. काय बिघडले ते पाहावे म्हणून मनगट वळवू लागलो. शेजारी उभे असलेले आमचे उस्ताद, सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, यांनी माझे मनगट पकडून नळी पुन्हा समोर केली. त्याच क्षणी बार झाला आणि गोळी समोरच्या मातीच्या भरावात घुसली. उस्ताद एवढेच म्हणाले, “साहेब, फुसका बार आणि उशिराचा बार यांचा आवाज सुरुवातीला एकसारखाच असतो.”

‘फुसका बार’ हा शब्द आपण राजकारणात रोज वापरतो. उशिराच्या बाराला मात्र आपल्या बोलीत नाव राहिले नाही. जुन्या काळी तो प्रत्येकाच्या अनुभवाचा होता. तोड्याच्या बंदुकीत आधी कान्यावरचे रंजक पेटे, मग ती आग आत शिरे आणि मग बार होई. चकमकीच्या बंदुकीतही ठिणगी आणि गोळी यांच्यात अंतर असेच. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फॉर्सिथ हे धर्मोपदेशक शिकारीचे शौकीन होते. ठिणगीचा उजेड दिसताच पाणपक्षी बुडी मारतात आणि गोळी वाया जाते, हे पाहून त्यांनी आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग शोधला आणि १८०७ साली त्याचे एकस्व घेतले. त्यातूनच पुढे टोपीची बंदूक आली आणि आजच्या काडतुसाचा प्रायमरही आला. विलंब इतका कमी झाला, की तो असतो हेच आपण विसरलो.

आजच्या काडतुसाच्या बुडाशी एक इवलीशी टोपी असते. घोडा पडला की फायरिंग पिन तिच्यावर आदळते, आतले रसायन भडकते, त्याची ज्योत दारूपर्यंत जाते आणि गोळी सुटते. या साखळीतली एखादी कडी दुबळी पडली, तर बहुधा काडतूस उडतच नाही. तो फुसका बार. परंतु क्वचित टोपी अर्धवट पेटते किंवा दारू आधी धुमसते आणि मग भडकते. तो उशिराचा बार. हा विलंब बहुतेक वेळा सेकंदाच्या अंशाइतकाच असतो, कधीकधी त्याहून अधिक. ‘अधिक म्हणजे किती’ याची पैज आपल्या कपाळाशी लावायची नसते.

म्हणून नियम साधा आहे. घोडा पडला आणि बार झाला नाही, तर नळी लक्ष्याच्या दिशेनेच स्थिर ठेवावी, बोट चापावरून काढावे आणि मनात निदान ३० आकडे मोजावेत. काही मैदानांवर पूर्ण एक मिनिट थांबण्याची शिस्त आहे, तीही उत्तमच. रिव्हॉल्व्हर लहान असेल तर सावधगिरी दुप्पट हवी, कारण आखूड नळी मनगटाच्या एका हिसक्याने आपल्याकडे किंवा शेजाऱ्याकडे वळते.

रिव्हॉल्व्हरची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घाईने दुसऱ्यांदा चाप ओढला तर चकरी फिरते आणि धुमसणारे काडतूस नळीसमोरून बाजूला सरकते. तेथे ते फुटले तर गोळीला बाहेर पडायला वाटच नसते. चकरी लगेच उघडली तर काडतुसाला आधार राहत नाही आणि त्याच्या चिंधड्या हातावर, डोळ्यांवर येऊ शकतात. आणि बार झाला, पण आवाज नेहमीपेक्षा फारच क्षीण आला, तर तेथेच थांबावे. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी गोळी गेली तर नळी फुटते. वाट पाहून झाल्यावर शस्त्र पूर्ण रिकामे करून नळी आरपार दिसते की नाही, ते पाहावे.

आता कारणाचा शोध. आपण प्रथम शस्त्राला दोष देतो. पण पाहावे आधी काडतुसाकडे. न उडालेल्या काडतुसाच्या टोपीवरचा खळगा नीट उमटलेला असेल तर संशय काडतुसावर. ते जुने आहे काय? दमट जागी राहिले काय? त्याला तेल लागले काय? टोपीच्या सांध्यावर लाखेसारखा लेप असतो, तरी महिनोन्महिने तेलात बुडालेल्या काडतुसाची खात्री कोण देणार? दुसऱ्या तुकडीतली, नवी, कोरडी काडतुसे वापरून पाहावीत. दोष नाहीसा झाला, तर उत्तर मिळाले.

खळगा उथळ असेल तर मात्र संशय शस्त्रावर. नव्या शस्त्रात कारखान्यात लावलेले संरक्षक ग्रीस तसेच राहिलेले असते. ते घट्ट होऊन घोड्याचा किंवा पिनचा वेग मारते. घोड्याची स्प्रिंग कमजोर असू शकते, किंवा चकरी मागेपुढे अधिक हलत असेल. घोडा आधी हाताने मागे ओढून चालवल्यास बार नीट होतो आणि नुसता चाप ओढल्यास चुकतो, असे दिसले तर स्प्रिंगकडे लक्ष द्यावे. कारण दुसऱ्या पद्धतीत घोडा सहसा किंचित कमी मागे जातो आणि आघात सौम्य होतो. येथपर्यंतचे निरीक्षण आपले. यापुढचा इलाज परवानाधारक कारागिराचा. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो, आणि ते योग्यच आहे. स्प्रिंग कापणे, पिन घासणे असले प्रयोग घरी करू नयेत. न उडालेले काडतूस कचऱ्यात टाकू नये. ते विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे सोपवावे.

माझ्या बाबतीत कारागिराला दोन्ही सापडले. आत घट्ट झालेले ग्रीस होते आणि माझ्याच तेलाने माखलेली काडतुसे होती. सफाई झाली, काडतुसे बदलली. त्यानंतर ते रिव्हॉल्व्हर एकदाही अडखळलेले नाही.

कुणी विचारील, प्राणसंकटात तीस आकडे मोजायला सवड कोठून? ती नसतेच. म्हणूनच हा दोष त्या रात्री नव्हे, तर आधीच मैदानावर, दिवसाउजेडी, जाणत्या माणसासमोर सापडला पाहिजे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद केली आहे. ते केवळ प्रमाणपत्रापुरते उरकू नका. जे शस्त्र वर्षभर कपाटात राहून केवळ पूजेला बाहेर येते, त्यावर आपण विसंबतो. पण ते आपल्याला ओळखतही नसते.

उद्या शस्त्र पाटावर मांडण्यापूर्वी ते रिकामे करा. चकरीची सर्व घरे डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा. काडतुसे वेगळी, कोरडी, कुलपात ठेवा. तेलाचा एक थेंब पुरतो. जास्तीचे पुसून टाका. हळद-कुंकू मुठीला लावा, चकरीत जाऊ देऊ नका. आणि घरातल्या मुलांना त्याच वेळी सांगा, की रिकामे म्हणून ठेवलेले शस्त्रही भरलेले समजायचे असते.

ते सुभेदार आज हयात नाहीत. त्यांच्या हाताची पकड माझ्या मनगटाला अजून आठवते. आपल्यापैकी प्रत्येकाच्या शेजारी तसा हात असेलच असे नाही. म्हणून ते तीस आकडे आपले आपण मोजायला शिकू या.