घाम, गादी आणि गजकर्ण

(आकाशवाणीवरील भाषण)



मी कातडीचा डॉक्टर. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडं या धंद्यात असलं की पैलवान आपोआप भेटतात. चैत्रात गावोगावच्या जत्रांची मैदानं सुरू होतात. ती चालू असेपर्यंत कोणी दवाखान्याकडं फिरकत नाही, कारण डॉक्टर ‘थांब’ म्हणाला तर मैदान बुडणार. आभाळ भरून यायला लागलं की मग रांग लागते. जांघ, काख, कंबर, मानेची मागची बाजू. गोल चट्टे, कडेला उठावदार, मधे निवळलेले. गजकर्ण. कोणी नायटाही म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात असाच एक सतरा वर्षांचा पोरगा आला. बसायच्या आधीच त्यानं मोबाइल टेबलावर ठेवला. “सर, हा फोटो दीड महिन्यापूर्वीचा. हा ट्यूब लावल्यावरचा. हा ट्यूब बंद केल्यावरचा.” स्वतःच्या जांघेचे फोटो, तारीखवार लावलेले. लाजबीज काही नाही. मला कौतुक वाटलं. मग म्हटलं, तुझी तालमीची बॅग उघड बघू. त्यानं चेन ओढली आणि दवाखान्यात तालीमच अवतरली. वरच प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला पहाटेचा ओला कॉस्च्युम. त्याखाली नी-कॅप, विकत घेतल्यापासून पाणी न पाहिलेली. “ती धुतली की सैल पडते, सर.” मग कुस्तीचे शूज. मग एक टॉवेल, जो त्याचा नव्हता. कोणाचा, तेही त्याला सांगता येईना. आणि तळाशी डिओचा डबा, चांगला महागातला. साबण नव्हता.

आज या बॅगेबद्दल बोलायचं आहे.

मी स्वतः दोन वर्षं तालमीत होतो, आठवी-नववीत. पैलवान झालो नाही, ते माझ्याकडं बघून कळतंच. रेडिओवर कळत नाही, म्हणून सांगितलं. त्या वेळी तालमीतला हौद म्हणजे आमचं देवघर. लाल माती चाळून टाकायची, तिच्यात काव, तेल, ताक, लिंबू, हळद, कापूर. प्रत्येक तालमीचं माप वेगळं आणि प्रत्येक वस्तादाला आपलंच खरं वाटणार. पहाटे खोऱ्यानं माती उकरायची, ते नव्या पोरांचं काम. चप्पल दाराबाहेर. आत थुंकायचं नाव नाही. उतरताना मातीला हात लावून तो कपाळाला. ताक-हळदीच्या भरवशावर मी आज कोणाचं गजकर्ण सोडणार नाही. पण इतक्या कौतुकानं जपलेल्या जागेत घाण करायला कोणाचा हात धजत नव्हता, हे डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून ‘आमच्या वेळी’ची टकळी सुरू करतोय असं समजू नका. नववीत मला लंगोटाच्या पट्टीखाली गजकर्ण उठलं. त्या काळी तालमीत गजकर्ण म्हणजे पोराचं काहीतरी चुकलंय अशी समजूत. उष्णता झाली, ब्रह्मचर्य ढळलं, असलं काहीबाही. वस्तादांना सांगायची सोय नव्हती, आईला सांगायची तर त्याहून नाही. तीन महिने मी ते लपवलं. वर मातीच चोळत होतो. रोज माझी ज्याच्याशी लढत व्हायची तो माझ्याच वर्गातला. काही दिवसांनी त्याच्या मांडीवर चट्टे आले, मग मानेवर. मी ते बघितले. त्यानंही काही म्हटलं नाही, मीही नाही. पुढं वैद्यकीय कॉलेजात बुरशीचा धडा आला तेव्हा पुस्तकातलं चित्र मला आधीच पाठ होतं.

मग गादी आली. म्हणजे आमच्यापर्यंत उशिरा आली. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा गादीची सवय नसतानाही सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आज महाराष्ट्र केसरीतसुद्धा माती आणि गादी असे दोन विभाग असतात, आणि ज्याला राज्याबाहेर, देशाबाहेर लढायचंय त्याला गादीवाचून गत्यंतर नाही. गादी म्हणजे आत फोम, वर गुळगुळीत आवरण, मधे नऊ मीटरचं वर्तुळ. माती घाम पिते, गादी पीत नाही. घाम, लाळ, कधी ओठ फुटून आलेलं रक्त, सगळं तिच्यावर तसंच पडून राहतं आणि पुढची जोडी येऊन त्यावर लोळते. मातीला दिवसभर उन्हा-वाऱ्यात उकरून ठेवलं तरी भागतं. गादीला रोज कोणीतरी माणूस लागतो.

तो माणूस कोण, इथं घोडं अडलं. माती वस्तादांची, गावाची, मारुतीची होती. गादी मात्र ‘आपल्याला मिळालेली’ असते. अनुदानातून, नाहीतर कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला. तिच्या कोपऱ्यावर त्याचं नावही असतं. आणि गादीवर शूज घालूनच खेळायचं असतं, त्यामुळं चप्पल दाराबाहेर हा नियम आपोआपच निकालात निघाला. तेच शूज घालून पोरगा मुतारीत जाऊन येतो आणि तसाच परत गादीवर चढतो. त्याला कोणी टोकत नाही, कारण त्यानं काही अपवित्र केलंय असं कोणाला वाटतच नाही.

मलाही वाटलं नव्हतं. मागं एका तालमीत पोरांची तपासणी करायला गेलो होतो. वस्ताद पलीकडच्या भिंतीशी उभे. मी बोलत बोलत बूट घालून सरळ गादीवरून निघालो. अर्ध्यात पोचलो आणि जाणवलं, जोर मारणारी पोरं थांबलीत. कोपऱ्यात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी हातात ओलं फडकं घेऊन उभी होती. ती माझ्या तोंडाकडं नाही, पायांकडं बघत होती. हौदात चपलेनं उतरायचं स्वप्नातसुद्धा न सुचणारा मी, जंतू शोधायला आलेला. बूट हातात घेऊन उरलेली अर्धी गादी मोज्यांवर पार केली.

त्या तालमीत गादी पुसण्याच्या पाळ्या भिंतीवर लिहिलेल्या होत्या आणि पुसणं कसं हेही पोरांना शिकवलेलं होतं. मागं मागं सरकत पुसायचं, म्हणजे पुसलेल्या जागी आपलेच पाय पडत नाहीत. जंतुनाशक ओतलं की लगेच कोरडं करायचं नाही. बाटलीवर जितकी मिनिटं लिहिलीत तितकी ते ओलं राहू द्यायचं, कारण जंतू मरायला वेळ लागतो. बाकी बऱ्याच ठिकाणी मी पाहतो ते असं : एक बादली, एक फडकं, तिसऱ्या फेरीला पाण्याचा रंग चहासारखा, आणि त्याच पाण्यानं पूर्ण गादी. याला पुसणं म्हणत नाहीत, सारवणं म्हणतात.

हे आपल्याच गरिबीचं दुखणं आहे असं कोणाला वाटत असेल तर अमेरिकेतल्या दोन गोष्टी सांगतो. १९८९च्या उन्हाळ्यात मिनेसोटा राज्यात शाळकरी कुस्तीगिरांचं चार आठवड्यांचं शिबिर होतं. १७५ पोरांपैकी ६० जणांना नागिणीच्या जातीच्या विषाणूचे फोड उठले, बहुतेकांना तोंडावर आणि मानेवर, म्हणजे पकडीत कातडी कातडीला घासते नेमकं तिथं. आणि २००३ साली सेंट लुईसच्या व्यावसायिक फुटबॉल संघातल्या ५८ खेळाडूंपैकी पाचजणांना, औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची गळवं झाली. करोडोंचे खेळाडू, पाणी हवं तितकं. तपास करणाऱ्यांनी पाहिलं तर मैदानावर घासून सोललेली कातडी उघडी, आणि एक टॉवेल तिघा-तिघांत फिरतोय. आमच्या पोराच्या बॅगेतला तो बेवारशी टॉवेल, बघा, किती लांबून आलेला आहे.

आता आंघोळीचं. तालमीत मेहनत झाली की घाम जिरू द्यायचा आणि मग सगळ्यांनी मिळून नळावर नाहीतर विहिरीवर जायचं, लंगोटावरच. एकमेकांच्या पाठी चोळायच्या. ज्याच्या पाठीवर काही उठलंय ते पाठ चोळणाऱ्याला दिसायचंच. कंबरेखालचं मात्र लंगोट झाकून ठेवायचा, आणि माझी लबाडी तिथंच खपली. आज पोरं तालमीत आंघोळ करत नाहीत. मी विचारलं तर एकानं सरळ सांगितलं, “सर, कोण कधी रील काढंल, काय नेम?” प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, आणि उघड्या अंगाची जी मोकळीक आम्हाला होती ती या पोरांना नाही. मग ओल्या कॉस्च्युमवर ट्रॅकसूट, त्यावर डिओ, आणि मोटारसायकलवरून कॉलेजला. कॉलेज सुटून घरी आंघोळ होईपर्यंत दुपारचे दोन. घाम जिरायला वीस मिनिटं दिली तर कोणाचं काही बिघडत नाही. सात तास दिले तर बुरशीचा मळाच फुलतो. हा संकोच आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत शाळेतल्या खेळाच्या तासानंतर सगळ्यांनी एकत्र आंघोळ करायची सक्ती अनेक वर्षं होती. १९९४ साली पेन्सिल्व्हेनियातल्या एका शाळेला त्यावरून कोर्टात खेचायची तयारी झाली आणि पुढं ती पद्धत बऱ्याच ठिकाणी मावळली. पोरांचं त्यात चुकलं असं मी म्हणणार नाही. सक्तीनं उघडं करणं हा काही स्वच्छतेचा धडा नव्हे. पण सक्ती गेली तिथं निदान कडी लागणारी दोन न्हाणीघरं यायला हवी होती. ती आली नाहीत, डिओ आला.

कडीवरून आठवलं. तालमीत कडी आणली ती मुलींनी. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगाव मुली गादीवर उतरत होत्या, आणि त्यांनी पहिल्या दिवसापासून जे मागितलं ते पैलवानांनी शंभर वर्षांत मागितलं नव्हतं : कपडे बदलायला बंद खोली, आतून कडी, खुंटी, कचऱ्याचा डबा, नळाला पाणी. मागताना त्या संकोचल्या नाहीत, कारण त्यावाचून त्यांचं भागणारच नव्हतं. एका ठिकाणी मुलींच्या खोलीचं काम झालं आणि महिन्याभरानं मुलगे वस्तादांकडं गेले, “आम्हालाबी तसली पायजे.”

आता त्या पोराच्या ट्यूबबद्दल, कारण ती गोष्ट मला झोंबते. कुस्तीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणं वजन घेताना डॉक्टरनं कातडी बघायची असते, संसर्ग असेल त्याला बाजूला काढायचं असतं. नखं कापलीत का तेही बघतात. नियम उत्तम. त्यामुळं काय होतं? वजनाच्या आठवडाभर आधी पोरगं मेडिकलात जातं आणि ‘गजकर्णाचं जोरातलं काहीतरी द्या’ म्हणतं. तिथं तीन औषधांची मिसळ असलेली ट्यूब मिळते, तिच्यात स्टिरॉइड. दोन दिवसांत लाली गायब, खाज गायब. डॉक्टरला काही दिसत नाही. खाली बुरशी मात्र मजेत वाढत असते, आणि स्पर्धेत जितक्या लढती तितक्यांना प्रसाद मिळतो. केंद्र सरकारनं २०१८ साली अशा स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. माझ्याकडं येणाऱ्या पोरांकडं ट्यूब असते, चिठ्ठी नसते. दरम्यान बुरशीही शहाणी झाली. २०२० साली जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळच्या रुग्णांवरून एका नव्या जातीचं वर्णन केलं, तिचं नावच ट्रायकोफायटन इंडोटिनी. नेहमीच्या गोळीला ती पुष्कळदा जुमानत नाही. पूर्वी तीन-चार आठवड्यांत जाणारं गजकर्ण आता महिनोन् महिने ठाण मांडतं.

म्हणजे बघा, मी लंगोटाखाली लपवत होतो, हे ट्यूबखाली लपवतात. डॉक्टरला फोटो दाखवायला त्यांना लाज नाही. ज्याच्याशी उद्या गळामिठी घालून लढायचं, त्याला सांगायला आहे.

सगळ्यांनाच नाही, हेही सांगतो. त्या सतरा वर्षांच्या पोराला मी सहा आठवडे लढत बंद सांगितली. जोर, बैठका, दोर चालेल, अंगाला अंग नाही. वाटलं, हा आता दुसरा डॉक्टर बघणार. पंधरा दिवसांनी आला तो तीन जणांना घेऊन. “सर, ह्यांच्याशी लढत व्हायची माझी. मीच सांगितलं, तुमचंबी बघून घ्या.” तिघांनाही होतं. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, “सर, ह्याचं मला लागलं का माझं ह्याला?” मी म्हटलं, त्यानं काय फरक पडतो, औषध सारखंच आहे.

असं त्याला म्हटलं खरं, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. दिवाळीत गावी गेलो तेव्हा माझ्या त्या नववीतल्या जोडीदाराकडं गेलो. तो आता गावच्या तालमीत पोरांना शिकवतो. संध्याकाळी गादीच्या कडेला बसून चहा घेत होतो, तेव्हा धीर करून सांगून टाकलं. म्हटलं, आपण नववीत असताना तुला जे झालं होतं ना मांडीला, ते माझं होतं. मी तीन महिने लपवलं.

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग कप खाली ठेवला.

“आरं लेका,” तो म्हणाला, “माझं तर तुझ्या आधी दोन म्हैन्यापासनं हुतं. मला वाटायचं, माझंच तुला लागलं.”