एकाच केसपेपरवर दोन्ही तक्रारी



विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून दूरदूरचे पेशंट ज्या गावची वाट धरत आले, त्या मिरजेत या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करते.

शुगर तपासायला आलेली पन्नाशीची बाई खोकला येताच पाय घट्ट जुळवून घेते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. एसटीचा प्रवास असला की ती सकाळपासून पाणी पीत नाही. विचारलं, तर म्हणते, "वय झालं, चालायचंच." आपण गोळ्या लिहून देतो आणि पुढचा नंबर पुकारतो. ही परिषद भरवली आहे ती तिच्यासाठी.

तिची शुगर, तिचं वजन आणि तिची लघवी यांचं नातं सरळ आहे. पोटावरची चरबी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर सतत भार टाकते. बाळंतपणांनी ते आधीच ताणलेले असतात. वाढलेल्या साखरेने लघवीचं प्रमाण वाढतं. बरीच वर्षं साखर आटोक्यात राहिली नाही, तर मूत्राशयाच्या नसाही मंदावतात.

यात आशेची बाजू मोठी आहे. २००९ मध्ये अमेरिकेत ३३८ स्थूल स्त्रियांवर झालेल्या 'प्राइड' चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आहार-व्यायामाच्या गटातल्या स्त्रियांचं वजन सहा महिन्यांत सरासरी ८ टक्क्यांनी उतरलं आणि नकळत लघवी होण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले; तुलनेच्या दुसऱ्या गटात ही घट २८ टक्के होती. स्नायू आवळण्या-सोडण्याचे व्यायाम तर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्येच मांडले. या व्यायामांना यंत्र लागत नाही. नीट शिकवणारं माणूस आणि निदान तीन महिन्यांची चिकाटी लागते. मात्र अंग बाहेर आलं असेल, तर नुसतं वजन उतरवून ते जागेवर जात नाही. म्हणूनच लवकर विचारायला हवं.

अंग बाहेर येण्यावरच्या शस्त्रक्रियांत शिरोडकर आणि पुरंदरे यांची नावं जगाने घेतली. तो वारसा आपला आहे. पण १९८९ मध्ये राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांविषयी जे 'लॅन्सेट'मध्ये मांडलं, तेही आपलंच आहे. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक आजार होते. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. दुखणं अंगावर काढण्याची ही सवय एकट्या बाईची नाही. तिला न विचारणाऱ्या आपलीही ती आहे.

तेव्हा माझी एकच विनंती आहे. डायबेटिसच्या प्रत्येक ओपीडीत, केसपेपरवर शुगर आणि बीपीच्या खाली दोन प्रश्न छापून घ्या: "खोकताना, शिंकताना किंवा संडासला पोहोचण्याआधी लघवी होते का? खाली काही उतरल्यासारखं वाटतं का?" आणि स्त्रीरोग विभागात या तक्रारी घेऊन आलेल्या प्रत्येकीचं वजन, कंबरेचा घेर आणि शुगर बघा. आशाताईंनी घरोघरी हेच विचारलं, तर निम्मं काम तिथेच होईल.

या परिषदेतून परतताना असा केसपेपर तयार करूनच आपण जावं, अशी इच्छा व्यक्त करते आणि आपलं पुन्हा एकदा स्वागत करते.