लंडनच्या घराची किल्ली



पिंपरी-चिंचवड ही मुळातच आपले गाव सोडून आलेल्या माणसांची नगरी आहे. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे आकुर्डीस बजाज आणि पिंपरीस टेल्को आली, आणि महाराष्ट्राच्या व देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे पत्र्याची पेटी घेऊन येथे उतरली. कोणी कारखान्यात लागले, कोणी दुकान थाटले. त्यांतील कित्येक जण एकटेच आले होते. आज त्यांची मुले-नातवंडे चाकणच्या मोटार कारखान्यांतून जर्मनीस आणि हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतून लंडनला वा अमेरिकेस जातात. मग एके दिवशी दूरध्वनीवर प्रश्न येतो, "आई, तू एकटी येशील ना?"

या प्रश्नातील 'एकटी' हा शब्द जड असतो. बहुधा जोडीदार निवर्तलेला असतो, किंवा घरातील वृद्ध सासूसाठी, दुकानासाठी दोघांपैकी एकाला मागे राहावे लागते. चाळीस वर्षे तिकीट, पैसा आणि पत्ता ज्याच्या खिशात असे, तो सोबतीस नसतो. अशा वेळी सारे घर एकाच काळजीने व्यापून जाते, ती म्हणजे विमानतळाची. वास्तविक विमानतळ हा एका दिवसाचा प्रश्न आहे. पुढच्या सहा महिन्यांचा विचार मात्र फारसे कोणी करीत नाही.

विमानतळाचे थोडक्यात सांगता येईल. मुंबईच्या दोन क्रमांकाच्या टर्मिनलवर निरोप दरवाजाबाहेरच घ्यावा लागतो. आत तिकीट असलेल्यासच प्रवेश. पारपत्र, तिकीट, विम्याचा कागद आणि मुलाचा संपूर्ण पत्ता पोस्टकोडसह एका छोट्या पिशवीत गळ्याशी असावा. ब्रिटनमध्ये एक पोस्टकोड मोजक्याच घरांचा असतो, त्यामुळे तेवढा कागद दाखविला तरी टॅक्सीवाला घर शोधून काढतो. औषधे हातातील सामानात ठेवावीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. मधुमेह्यांनी इन्शुलिन तर मोठ्या बॅगेत कदापि ठेवू नये, ते गोठून निकामी होण्याची भीती असते. विमा काढताना जुने आजार लपवू नयेत. लपविलेल्या आजाराचा खर्च विमा कंपनी देत नाही, आणि परदेशी पाहुण्यास तेथील रुग्णालयात दाखल होण्याचे पैसे मोजावे लागतात.

चाकाच्या खुर्चीविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. गुडघे दुखतात, दम लागतो, अशांनी ती नि:संकोच मागावी. परंतु अलीकडे धडधाकट माणसेही केवळ इंग्रजीच्या धास्तीने खुर्चीत बसून जातात. मुलेच तिकीट काढताना परस्पर तशी नोंद करतात, म्हणजे आई पार्सलसारखी एका हातातून दुसऱ्या हातात सुखरूप पोहोचते. हेतू प्रेमाचाच असतो, पण त्या खुर्चीतून उतरलेली व्यक्ती पुढे घरातही खुर्चीतच बसून राहण्याचा संभव असतो. खऱ्या गरजवंताची खुर्ची अडते, ती वेगळीच.

आता त्या सहा महिन्यांकडे वळू. लंडनला उतरल्यानंतरचे शनिवार-रविवार कौतुकात जातात. मग सोमवार उजाडतो. मुलगा, सून कामावर आणि नातवंडे शाळेत जातात. सकाळी नऊ ते सायंकाळी सहा घर नि:शब्द होते. खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्यावर चिटपाखरू नसते, शेजाऱ्याचे दार बंद असते, आणि चिंचवडला फोन करावा तर तेथे दुपारची झोप चालू असते. उन्हाळ्यात दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत साडेचार तासांचे अंतर असते, हिवाळ्यात साडेपाच तासांचे. येथे पहाटेपासून रात्रीपर्यंत दार उघडे ठेवून जगलेल्या माणसास तो सोमवार फार मोठा वाटतो.

तेथील पुष्कळ दारांना असे कुलूप असते, की दार ओढून घेतले की ते आपोआप बंद होते. पाव उचलण्यासाठी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले आणि वाऱ्याने दार लागले, तर ज्येष्ठ माणूस थंडीत पायरीवर बसून सायंकाळची वाट पाहणार! म्हणून मुलाच्या घरी पोहोचताच पहिली वस्तू मागावी ती घराची किल्ली. चहाच्या आधी मागितली तरी चालेल. ती फिरविण्याचा सराव मुलगा घरी असतानाच करावा. ज्याच्याजवळ किल्ली आहे तो बाहेर पडू शकतो.

बाहेर पडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तेथील तांबडी बस. तिची पायरी खाली असते, पुढच्या थांब्याचे नाव आत मोठ्याने सांगितले जाते. २०१४ पासून मात्र बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. खिशात नोटा असूनही खाली उतरावे लागते, हे व्यापारी माणसाच्या पचनी पडणे कठीणच! बँकेचे कार्ड यंत्रास टेकवावे लागते. पहिल्या आठवड्यात घराजवळील एकाच क्रमांकाच्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जावे आणि तिनेच परत यावे. दुसऱ्या आठवड्यात मधेच एखाद्या उद्यानापाशी उतरावे. वाहने आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात, ही मोठी सोय आहे. संकटसमयी ९९९ हा क्रमांक पाठ असावा. मराठी ऐकावेसे वाटल्यास डॉलिस हिल भागात १९३२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आहे, आणि दर्शनासाठी शहराच्या उत्तरेस पॉटर्स बार येथे ओसवाल समाजाचे शिखरबद्ध देरासर आहे.

आपल्या समाजातील ज्येष्ठांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो सूर्याचा. चौविहार करणाऱ्यास चिंचवडमध्ये वर्षभरात सूर्यास्ताच्या वेळेत जेमतेम तास-सव्वा तासाचा फरक जाणवतो. लंडनमध्ये २१ जूनच्या सुमारास सूर्य रात्री ९ वाजून २१ मिनिटांनी मावळतो आणि डिसेंबरात दुपारी ४ वाजण्यापूर्वीच. डिसेंबरात सूर्योदयच ८ नंतर होतो, त्यावर नवकारशीची ४८ मिनिटे धरली तर आहारासाठी जेमतेम सात तास उरतात. सून कामावरून येते तेव्हा सूर्य मावळून दोन तास झालेले असतात. म्हणजे ज्याला व्रत पाळायचे आहे त्याने त्या घरातील विजेची शेगडी स्वत: चालविण्यास शिकले पाहिजे. (जोराची फोडणी दिली की छतावरील धुराची घंटा वाजू लागते. घाबरू नये, खिडकी उघडावी.) पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानात तर खाली मुंबईत रात्र झालेली असते आणि खिडकीबाहेर लख्ख ऊन असते. तेव्हा कोणता सूर्य धरावा, हे निघण्यापूर्वीच गुरुमहाराजांना विचारून घ्यावे. विमानात जैन भोजन मिळते, पण त्याची नोंद आधीच करावी लागते. खाकरा खुशाल न्यावा. तूप, पेढे व दुधाचे पदार्थ नेण्यास मात्र ब्रिटनमध्ये मनाई आहे, ते विमानतळावरच काढून घेतले जातात.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल की आता हे शिकण्याचे वय राहिले नाही. त्यांनी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे स्मरण करावे. त्यांचा जन्म एप्रिल १८५८ चा. मुलींसाठी त्यांनी १९१६ मध्ये विद्यापीठ काढले, त्यास गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये १५ लाख रुपयांची देणगी दिली. कापडाच्या पैशातून झालेले हे कार्य वस्त्रव्यवसायातील प्रत्येकास अभिमानास्पद आहे. तथापि सरकारी मान्यता नसलेल्या त्या विद्यापीठास जगापुढे नेणे आवश्यक होते. मार्च १९२९ मध्ये कर्वे युरोपास निघाले, तेव्हा त्यांचे एकाहत्तरावे वर्ष सरत आले होते. आज विमान नऊ-दहा तासांत पोहोचते तेथे त्या काळी आगबोटीने दोन आठवड्यांहून अधिक काळ लागे. स्वभावाने संकोची असलेल्या या गणिताच्या प्राध्यापकाने लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये भारतीय स्त्रियांच्या शिक्षणावर भाषण केले. त्यानंतर जिनिव्हा, डेन्मार्कमधील एल्सिनोर, अमेरिका आणि जपान पाहून ते एप्रिल १९३० मध्ये परतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते पुन्हा निघाले, या वेळी आफ्रिकेस. वर उल्लेखिलेले महाराष्ट्र मंडळ तेव्हा लंडनमध्ये स्थापनही झाले नव्हते.

कापडाचा तागा उलगडल्याशिवाय त्याची पारख होत नाही. त्याचप्रमाणे प्रवासाचा सराव येथेच करून पाहावा, आणि त्यासाठी आता लांब जावयास नको. २०२२ मध्ये पिंपरीची मेट्रो सुरू झाली, २०२४ मध्ये ती स्वारगेटपर्यंत पोहोचली. सरकता जिना, कार्डाने उघडणारे फाटक, फलक वाचून फलाट शोधणे, जमिनीखालील स्थानक, लंडनमध्ये जे जे लागते ते ते सारे या एका प्रवासात आहे. पारपत्राचा अर्ज भरण्याच्या आधीच एखाद्या सकाळी घरातील कोणासही बरोबर न घेता पिंपरीस गाडीत बसावे, स्वारगेटला उतरून वर यावे, चहा घ्यावा, आणि कोणालाही न्यायला बोलावता परत येऊन आपल्या किल्लीने आपले दार उघडावे.