लग्न हा इलाज नव्हे
(कात्रप, बदलापूर येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



गेल्या महिन्यात इथल्याच एक ताई माझ्याकडे आल्या. मुलाने घरी सांगितलं होतं, 'मला मुलगेच आवडतात.' ताईंचा एकच प्रश्न : "लग्न लावून दिलं तर सुधारेल ना?"

मला एक जुनी गोष्ट आठवली. लग्नाला दोन वर्षं झालेली मुलगी. नवरा जवळ येत नाही, सासू तिलाच वांझ म्हणते. तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, "थोडं सांभाळून घे." नवऱ्यालाही बळेच बोहल्यावर उभं केलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल दिला. आता धाक उरला तो चारचौघांचा. मुलींना तो जास्तच. मुलगा निदान लोकल पकडून दिवसभर मुंबईत मोकळा होतो; मुलीचा मोबाइल काढून घेतात अन् स्थळं दाखवतात.

सक्तीच्या लग्नाविरुद्ध आपण उभ्या राहिलो. मग ही सक्ती वेगळी कशी? यात दोन आयुष्यं जातात. असं कुणी आलं, तर आधी त्या मुलाशी, मुलीशी एकट्याने बोलू या. त्यांच्या संमतीशिवाय कुठेही वाच्यता नको.

ताईंना मी विचारलं, "तुमची लेक अशा घरी द्याल?" त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "रविवारी पाहुणे येणार होते. नको म्हणून कळवते."