निळी ताडपत्री आणि माझी थिअरी

लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असाल, तर आधी जरा आत व्हा. आज बोलूया अशा प्रश्नावर, ज्यानं माझी झोप उडवली होती: "तुझी थिअरी कोणती?"

मी आर्ट थेरपी शिकतेय. म्हणजे चित्र, रंग, माती यांच्या आधारानं मानसोपचार. सुपरव्हायजर मॅडमनी विचारलं आणि मी पाठ केलेली नावं धडाधड सांगितली. फ्रॉइड, रॉजर्स, एलिस. मॅडम म्हणाल्या, "ही पुस्तकातली झाली. मुलासमोर बसतेस तेव्हा तू काय करतेस?"

उत्तर मिळालं वाकोल्यात. पावसाळा, नाल्याजवळची वस्ती. एका लहान मुलानं घर काढलं आणि वरून सगळं निळ्या रंगानं झाकलं. मी लगेच विचारलं, "आत कोंडल्यासारखं वाटतं का रे?"

"ताई, ताडपत्री आहे ती. पाणी गळतं ना." त्यानं कागद उलटा ठेवला. त्या दिवशी पुन्हा काही काढलं नाही.

घरी येऊन परत वाचायला बसले. मार्गारेट नॉमबर्ग चित्राला नेणिवेची भाषा मानतात. पण त्या भाषेचा अर्थ चित्र काढणाऱ्याकडून यायला हवा. मी नेमकं उलटं केलं होतं! मूळच्या व्हिएन्नाच्या एडिथ क्रेमर १९३८ साली न्यूयॉर्कला गेल्या. त्यांचा भर चित्र घडण्यावर. थेरपिस्ट म्हणजे 'तिसरा हात': मुलाचं अडेल तिथे मदत करायची, पण चित्र त्याचंच राहू द्यायचं.

पुढच्या वेळी मी गप्प बसले. त्याला निळा रंग फिका करायचा होता, जमत नव्हतं. मी फक्त पांढरी बाटली पुढे सरकवली. त्यानं ताडपत्रीला दोऱ्या काढल्या, वर विटा ठेवल्या. मग आपणहून म्हणाला, रात्री वारा सुटला की तो आणि बाबा एकेक टोक धरून बसतात.

भीती होतीच, मंडळी. पण ती धरून ठेवणारे हातही होते. माझ्या घाईत ते मला कधीच दिसले नसते.

तर माझी थिअरी? आज तरी क्रेमरकडे झुकलेली, आणि नॉमबर्गची आठवण ठेवणारी. उद्या मोठ्यांसोबत काम करताना बदलेलही.

तुम्हीही शिकत असाल, तर सेशननंतर तीन ओळी लिहा: मी काय केलं? का केलं? ते त्याच्यासाठी होतं, की माझ्या हुशारीसाठी? तिसऱ्या ओळीवर मी अजूनही अडखळते.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!