जोड कोरडा, तर मोटार शाबूत



मृगाच्या पहिल्या सरीत मोटार जळते आणि आपण नशिबाला बोल लावतो. बरेचदा दोष केबलच्या जोडाचा असतो. उन्हाने काळ्या टेपचा डिंक सुटतो, पावसात पाणी शिरते, तांबे हिरवे पडते, जोड तापतो. ओल्या जोडातला करंट माणूस म्हणत नाही, बैल म्हणत नाही.

आम्ही शेतकीची पदवी घेतली. जोड बांधायला मात्र विहिरीवर शिकलो. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही, कटआउट काढा. तारा घासून घट्ट पिळा. तिन्ही जोड मागेपुढे ठेवा. रबरी टेप ताणून, वेढ्यावर निम्मा वेढा चढवत गुंडाळा. वरून साधी टेप. केबल पेटीत खालूनच घ्या, आधी झोल सोडा; थेंब तिथेच गळेल.

टेपला पैसे पडतात, पण मोटार भरण्यापेक्षा कमीच. जीव तर भरून मिळत नाही. पेरणीआधी जोड तपासू या!