शेफ नाचतो तेव्हा



अमेरिकेतल्या लहान-मोठ्या शहरांत दरवर्षी एक धमाल संध्याकाळ रंगते. गावातले डॉक्टर, वकील, अग्निशमन दलाचे जवान अशी ओळखीची माणसं नटूनथटून रंगमंचावर येतात आणि नाचतात. नर्तक यांतलं कुणीच नसतं. या मंडळींत अनेकदा गावातला एखादा शेफही असतो.

ही कल्पना आली टीव्हीवरून. बीबीसीच्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’वर बेतलेला ‘डान्सिंग विथ द स्टार्स’ २००५ साली अमेरिकेत सुरू झाला. २००८ साली शेफ रॉको डिस्पिरिटो त्यात नाचले. गावोगावच्या सेवाभावी संस्थांनी हा साचा उचलला आणि त्यात एक बदल केला. इथे मत फुकट नसतं. साधारणपणे एका डॉलरला एक मत पडतं आणि जमलेले पैसे सेवाकार्याला जातात.

शेफचं अंग भटारखान्याला सरावलेलं असतं. तासन् तास ओट्यापाशी उभं राहायचं, मान खाली आणि खांदे पुढे. पायांत घट्ट पकड घेणाऱ्या तळाचे बूट, सांडलेल्या तेलावर घसरू नये म्हणून. नाचाच्या बुटांना मात्र मऊ कातड्याचा तळ असतो, कारण तिथे पाऊल सरकायला आणि गिरकी घ्यायला हवं. चा-चा नाचात ‘दोन, तीन, चा-चा-चा’ हा ठेका धरताना शरीराचा भार चवड्यांवर घ्यायचा, खांदे सैल सोडायचे आणि हनुवटी वर ठेवायची. वर्षानुवर्षांची सवय अशी एकेका अवयवानं बदलावी लागते, तीही दुपार आणि रात्रीच्या जेवणांच्या मधल्या वेळात. एक गोष्ट मात्र शेफला आधीच येत असते. अरुंद जागेत उकळतं पातेलं घेऊन सहकाऱ्यांच्या पाठीमागून धक्का न लावता निघून जायचं, हे त्याचं रोजचंच काम. जोडीच्या नाचात ते फार उपयोगी पडतं.

शेफलाच का बोलावतात? कित्येक घरांचे वाढदिवस त्याच्या हातचं खाऊन साजरे झालेले असतात. मतं मागायला त्याला दारोदार हिंडावं लागत नाही, गिऱ्हाईक आपणहून त्याच्याकडे येतं. आणि आपल्या कामात तरबेज असलेला माणूस, न येणारी गोष्ट करायला सगळ्यांसमोर उभा राहिला की लोकांचा हात खिशाकडे जातोच.

अशा कार्यक्रमांतून ज्यांना मदत मिळते, त्यांत अत्याचारग्रस्त बालकांची केंद्रं आहेत. पूर्वी अशा मुलाला तीच हकिकत पोलिसांना, डॉक्टरांना, समाजसेविकेला आणि वकिलाला पुन्हा पुन्हा सांगावी लागे. दर वेळी नवी कचेरी, नवा चेहरा. अलाबामातल्या हंट्सव्हिलचे सरकारी वकील बड क्रेमर यांनी १९८५ साली हे उलटं केलं. त्यांनी या सगळ्यांना मुलाकडे आणलं. मुलांशी बोलण्याचं प्रशिक्षण घेतलेली एकच व्यक्ती एका शांत खोलीत त्याच्याशी बोलते, तपास करणारे दुसऱ्या खोलीतून ऐकतात आणि त्या बोलण्याचं चित्रण होतं. आज अमेरिकेत अशी ९००हून अधिक केंद्रं आहेत.

या केंद्रांना सरकारी पैसा मिळतो, पण त्यातला मोठा वाटा गुन्ह्यांना बळी पडलेल्यांसाठी १९८४च्या कायद्यानं उभारलेल्या निधीतून येतो. त्या निधीत कराचा पैसा नसतो, गुन्हेगारांकडून वसूल केलेले दंड असतात. वसुली घटली की अनुदानही आटतं. गेल्या काही वर्षांत तेच झालं आहे. समुपदेशकाचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो, आणि उपचारांचं बिल मुलाच्या आईवडिलांच्या हाती ठेवायचं नसतं. मग गावानं नाचाच्या रात्री दिलेला डॉलर तिथे पोचतो.

आपल्याकडे लैंगिक अत्याचारांपासून बालकांना संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानं बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, गणवेशात नसलेल्या पोलिसांनी घ्यावा असं सांगितलं आहे. त्याला न्यायालयात वारंवार बोलावू नये, असंही त्यात आहे. गोव्यानं तर २००३च्या बालक कायद्यानं मुलांसाठी स्वतंत्र न्यायालयाची तरतूद केली. या कायद्यांच्या जोडीला शिकलेला समुपदेशक आणि बोलायला निवांत खोली लागते. त्या खर्चासाठी कोल्हापुरातल्या किंवा मडगावातल्या एखाद्या लाडक्या खानावळवाल्यानं नाचायचं मनावर घेतलं, तर तिकिटं काढायला त्याची गिऱ्हाइकं नक्की येतील.